रॅम्प मोजलात, मूल मोजायचं राहिलं

शाळा, पोलीस आणि अपंगत्व या विषयांवर सर्वेक्षणं करणाऱ्या सरकारी यंत्रणांना आणि सामाजिक धोरणाच्या अभ्यासकांना खुले पत्र

आदरणीय महोदय, महोदया,

मी फिरती विशेष शिक्षिका आहे. म्हणजे मला स्वतःची अशी शाळा नाही. तालुक्यातल्या 32 शाळांमध्ये विखुरलेली दिव्यांग मुलं हाच माझा वर्ग. 14 वर्षं हे काम करते आहे, तेही कंत्राटावर. युडायसच्या, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी फॉर्ममधला दिव्यांग विद्यार्थ्यांचा भाग आला की मुख्याध्यापक मला फोन लावतात. मी सांगते तो आकडा केंद्रावर, गटावर, जिल्ह्यावर चढत चढत शेवटी तुमच्या टेबलावर पोचतो. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्यातला थोडा दोष माझ्याही पदरात आहे, हे आधीच सांगून टाकते.

पत्राचं निमित्त तसं जुनं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 दरम्यान, घरात कोणाला अपंगत्व आहे का हा प्रश्न होता. सहाव्या फेरीच्या प्रश्नावलीतून तो वगळल्याचं 2023 मध्ये समजलं. संघटनांनी जाब विचारला, तेव्हा उत्तर आलं की 2018 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे आहेतच, आणि ते काही इतक्या झपाट्याने बदलत नाहीत. तेव्हा मी पेपर घडी करून ठेवला. दिल्लीतल्या प्रश्नावलीचं आणि माझ्या स्कूटीचं काय नातं, असं वाटलं. नातं काय ते नंतर एका पहाटे कळलं.

त्या मुलाचं नाव-गाव सांगत नाही. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. समाज भटक्या-विमुक्तांतला. सहावीपासून माझ्या यादीवर होता. घरात आईने केलेल्या खुणा आणि मी शिकवलेल्या खुणा यांची मिळून त्याची एक भाषा झाली होती. ती आम्हा तिघांनाच कळायची. आठवीनंतरची शाळा नऊ किलोमीटरवर. जायला एसटी एकच, आणि ती शाळेच्या वेळेची नाही. शाळा सुटली. सतरा वर्षांचा असताना एका रात्री तो रस्त्याने घरी येत होता. मागून गस्तीवरच्या पोलिसांनी हटकलं. तो चालत राहिला. न थांबणारा म्हणजे पळणारा, असा हिशोब झाला आणि मागून धरला. घाबरून तो हात हलवून सांगू लागला. बोलण्यासाठी त्याच्याकडे हातच होते. तो हात उगारतोय असं त्यांना वाटलं. पुढचं लिहीत नाही.

सतराचा होता, म्हणजे कायद्याने बालक. रात्रभर चौकीत बसवून ठेवायलाच नको होतं. पहाटे त्याची आई माझ्या दारात उभी राहिली, कारण तिच्या ओळखीचं ‘सरकारी माणूस’ मी एकटीच. मी गेले, एका जुन्या तपासणी शिबिराची चिठ्ठी दाखवली, थोडं बोलले, थोडं ऐकून घेतलं. सोडलं त्याला. कागदावर काहीच नव्हतं, त्यामुळे सोडल्याचाही कागद नाही.

परतताना तुमचे अहवाल डोक्यात घोळत होते. शाळेच्या आकड्यांत हा कुठे? आठवीनंतर पटावरच नाही, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांच्या रकान्यातूनही उतरला. पोलिसांच्या आकड्यांत? नोंदच नाही. बरं, अपंगांच्या यादीत तरी? त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. दोनदा सिव्हिलला नेला, एकदा कानाचे डॉक्टर नव्हते, एकदा मशीन बंद होतं. तुमच्याच 2018 च्या पाहणीत, 76 व्या फेरीत, अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांचं प्रमाण 28.8 टक्के निघालं होतं. बाकीच्या सत्तर-एकाहत्तर टक्क्यांत हा. शाळेतली विषमता, पोलिसांची वागणूक आणि अपंगांसाठीच्या सोयी या तिन्हींवर तुमच्याकडे जाडजूड अहवाल आहेत. पण ते तीन वेगळ्या कपाटांत आहेत आणि हा मुलगा कपाटांच्या मधल्या फटीत पडला आहे.

आता तक्रारी मांडते. सगळ्यात आधी रॅम्प.

शाळेचा फॉर्म विचारतो: रॅम्प आहे का? कठडा आहे का? दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह आहे का? आहे, आहे, आहे. मी स्वतः पाहिलेला एक रॅम्प सांगते. वऱ्हांडा जमिनीपासून दीड फूट उंच. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांना जागा सहज वापरता यावी यासाठीच्या, सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात की उतार 1:12 हवा, म्हणजे दीड फूट चढायला 18 फूट लांबीचा रॅम्प हवा. इथे तो जेमतेम पाच फुटांचा. मधल्या सुट्टीत पोरं त्यावरून घसरगुंडी खेळतात, आणि खरं सांगायचं तर तो त्यासाठीच बरा आहे. व्हीलचेअरवरच्या मुलीला दोघांनी उचलूनच वर न्यावं लागतं. वर गेलं की वर्गाला चार इंचांचा उंबरठा. स्वच्छतागृह मैदानाच्या पलीकडे, वाटेत खडी. दाराची रुंदी मी टेपने मोजली: 25 इंच. तिची खुर्ची 26 इंचांची. एका इंचामुळे ती मुलगी शाळेत पाणी पीत नाही. फॉर्ममध्ये त्या शाळेला तिन्ही ठिकाणी ‘होय’ आहे, आणि ते ‘होय’ खोटंही नाही. रॅम्प आहे. कठडा आहे. कमोडसुद्धा आहे. तुमच्या प्रश्नाला मुख्याध्यापकांनी दिलेलं उत्तर शंभर टक्के खरं आहे. प्रश्नच चुकलाय.

हा एका शाळेचा गलथानपणा म्हणून सोडून देऊ नका. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम निघाले जून 2017 मध्ये. म्हणजे मुदत जून 2022 ला संपली. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे ठेवून चालणार नाही, काही गोष्टी बंधनकारकच हव्यात. बंधनकारक झाल्या तरी तपासणार कोण, आणि काय विचारून? परत ‘रॅम्प आहे का’ असंच विचारणार असाल, तर उत्तर आत्ताच लिहून घ्या.

त्याच कायद्याचं 17 वं कलमही काढून बघा. शाळेत जाणाऱ्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करायची, अपंगत्व असलेली मुलं शोधायची, त्यांना काय लागतं आणि त्यातलं किती मिळतं हे नोंदवायचं. पहिली पाहणी कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत. कायदा एप्रिल 2017 ला लागू झाला. ‘किती मिळतं’ हा शब्दप्रयोग मला फार आवडतो, कारण तो रॅम्प सोडून थेट मुलाकडे बोट दाखवतो. त्या पाहणीसाठी म्हणून माझ्या 32 शाळांत आलेला माणूस मात्र मी अजून पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची. 2011 च्या जनगणनेत देशातले 2.68 कोटी लोक अपंग निघाले, लोकसंख्येच्या 2.21 टक्के. जागतिक आरोग्य संघटना जगभरात हे प्रमाण सुमारे 16 टक्के धरते. व्याख्या वेगळ्या आहेत, मान्य. तरीही जगाच्या सातव्या हिश्शाइतकंच अपंगत्व आपल्या वाट्याला आलंय, यावर माझ्या कामातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. मी स्वतः गणनेला गेलेय, त्यामुळे आकडा कसा घटतो ते मला माहीत आहे. दारात उभं राहून ‘घरात कोणी अपंग आहे का?’ विचारलं की आजी म्हणते, ‘नाही बाई, आमच्यात नाही कोणी असलं.’ आत मोठी बहीण लग्नाची असते, आणि आजीच्या मागे भिंत चाचपत नातू येत असतो.

याला तोड आहे, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2001 मध्ये नेमलेल्या वॉशिंग्टन गटाने सहा साधे प्रश्न तयार केलेत. त्यात ‘अपंग’ हा शब्दच येत नाही. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? चालायला, जिने चढायला येते का? ऐकायला, लक्षात ठेवायला, स्वतःची आंघोळ-कपडे करायला, दुसऱ्याला आपलं म्हणणं समजावायला? उत्तरं चार: अडचण नाही, थोडी, बरीच, अजिबात जमत नाही. लहान मुलांसाठी युनिसेफबरोबर केलेला वेगळा संचही आहे. त्याच आजीला मी हे विचारलं तेव्हा तिने नातवाबद्दल तर सांगितलंच, वर स्वतःच्या गुडघ्यांची कहाणी अर्धा तास ऐकवली.

आणि ‘2018 चे आकडे आहेत ना’ या उत्तराबद्दल. ती पाहणी मोलाची आहे. वर तिचाच आधार घेतला मी. पण ती अपंगत्वापुरती. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण लसीकरण विचारतं, कुपोषण मोजतं, घरात संडास आहे का बघतं, बाईला नवरा मारतो का हेही विचारतं. त्या शेजारी अपंगत्वाचा एक रकाना असता, तर अपंग बाळाला लस कमी मिळते का, अपंग बाईला मार जास्त बसतो का, हे एकाच कागदावर दिसलं असतं. आकडा किती बदलला हा आमचा मुद्दाच नव्हता. मधल्या काळात करोना येऊन गेला, वर्षभराहून जास्त शाळा मोबाइलवर चालली आणि ओठ वाचून शिकणाऱ्या माझ्या मुलांसमोर सगळं जग मास्क लावून उभं राहिलं, हे तर सोडूनच द्या. गंमत बघा: अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणायचं ठरलं, तेव्हा खात्याच्या पाट्या बदलायला फार वेळ लागला नाही. आपल्या राज्याने तर 3 डिसेंबर 2022 ला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी देशाच्या सर्वांत मोठ्या आरोग्य सर्वेक्षणातून ही माणसं गळली.

तिसरी तक्रार पोलिसांची, आणि ती सगळ्यात अवघड. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमात, आणि त्याआधी 2013 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही, तरतूद आहे: अपंग स्त्रीने लैंगिक अत्याचाराची तक्रार दिली तर ती तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या समोर नोंदवायची आणि चित्रीकरण करायचं. विशेष शिक्षक म्हणजे मीच की! 14 वर्षांत मला अशा कामासाठी एकदाच बोलावणं आलं, तेही फोनवर. ‘मॅडम, यायची गरज नाही. ती काय म्हणते ते फोनवरच सांगा.’ बोलू न शकणाऱ्या मुलीचं म्हणणं मी फोनवर ऐकून सांगायचं होतं. मी गेले. पण मी पोचेपर्यंत तिच्या काकांनी तिच्या वतीने ‘काही झालं नाही’ असं लिहून दिलं होतं.

असं किती ठिकाणी होतं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल उघडा. स्त्रियांवरचे गुन्हे आहेत, मुलांवरचे आहेत, ज्येष्ठ नागरिक, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, सगळ्यांची स्वतंत्र प्रकरणं आहेत, आणि ती असायलाच हवीत. अपंगांवरच्या गुन्ह्यांचं प्रकरण नाही. त्यामुळे 173 व्या कलमाप्रमाणे किती वेळा दुभाषा बोलावला गेला, हे त्या अहवालातून तपासताच येत नाही.

पोलिसांबद्दल अवघड प्रश्न विचारायची हिंमत तुमच्यात नाही, असं मी म्हणणार नाही. 2019 मध्ये सीएसडीएस ही संशोधन संस्था आणि कॉमन कॉज ही स्वयंसेवी संस्था यांच्या अभ्यासात थेट पोलिसांनाच विचारलं होतं, आणि मुसलमान स्वभावतः गुन्ह्याकडे वळतात असं निम्म्या पोलिसांना कमी-अधिक वाटतं, हे तुम्ही छापलंत. मग पुढच्या वेळी हेही विचारा: हाकेला ओ न देणारा माणूस बहिरा असू शकतो, हे प्रशिक्षणात कधी कोणी सांगितलं का? नजरेला नजर न देणारा स्वमग्न असेल, अडखळत चालणारा प्यायलेला नसून त्याला सेरेब्रल पाल्सी असेल, याचा विचार रात्री दोन वाजता कोणाच्या मनात येतो का? एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेल्या फादर स्टॅन स्वामींना कंपवात होता. 2020 मध्ये तळोजा कारागृहात पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. खटल्याबद्दल तुमचं मत काहीही असो, हात थरथरणाऱ्या माणसाला पाणी कसं द्यायचं याची पद्धत यंत्रणेकडे असायला नको?

इथे मला थोडं थांबायला हवं. ‘मोजा, मोजा’ म्हणताना माझी जीभ चाचरते, कारण ज्या समाजात तो मुलगा जन्मला, त्या समाजाला सरकारने एके काळी फार बारकाईने मोजलं आहे. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मतः गुन्हेगार ठरवून नोंदवहीत घातली, हजेऱ्या लावल्या. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, पण चौकीतली नजर काही लगेच रद्द झाली नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला, कारण त्यावरून कैद्यांना कामं वाटली जात होती. तो रकाना गेला ते योग्यच झालं. म्हणजे रकाना असणं चांगलं की वाईट, हे तो कोण भरतं आणि भरून काय करतं यावर आहे. त्या मुलाची जात पोलिसांनी न विचारता ओळखली; त्याचं बहिरेपण समोर असून ओळखलं नाही. हे दोन्ही एकत्र धरणारा अभ्यास मला हवाय. अपंगत्वाच्या तक्त्यात जात, जातीच्या तक्त्यात अपंगत्व, आणि दोन्हींत बाई की पुरुष.

तुमच्या वागण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तुमच्यातले बरेच जण तरुण आहेत आणि मनाने चांगले आहेत. तुम्ही येता, दोन तास बसता, मुलाला सोडून आईला विचारता, चहा नको म्हणता आणि जाता. मागे एका अभ्यासाचा अहवाल मला मेलवर आला. इंग्रजीत होता, ते एक वेळ चालेल. आमच्या गटात एक दृष्टिहीन सहकारी आहेत, त्यांनी तो संगणकावर लावला. सगळी पानं स्कॅन केलेली. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर पानामागून पान ‘ग्राफिक, ग्राफिक’ म्हणत राहिलं. अहवालाचा विषय होता अपंगांसाठी सुगम्यता. सर खूप हसले. मला नाही हसू आलं.

1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. शाळा किती, एवढं विचारून ते थांबले नाहीत. सारा कोण भरतो आणि त्या पैशावर शिकतं कोण, असा त्यांचा सवाल होता. मला तुमच्याकडून तसला प्रश्न हवाय, आणि तो ज्याचा आहे त्याला सोबत घेऊन.

मागण्या अशा आहेत.

एक, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पुढच्या फेरीत अपंगत्वाचा प्रश्न परत घ्या, आणि तो वॉशिंग्टन गटाच्या सहा प्रश्नांच्या रूपात घ्या. 2027 च्या जनगणनेतही प्रगणकांना हे प्रश्न कसे विचारायचे ते शिकवा. शिकवायला आम्ही विशेष शिक्षक येतो, मानधन मागणार नाही. या वेळी जातही मोजली जाणार आहे, तेव्हा दोन्हींचे एकत्र तक्ते प्रसिद्ध करा.

दोन, 17 व्या कलमाची पाहणी तालुकानिहाय करा आणि मराठीत प्रसिद्ध करा. त्यात शाळा सुटलेली मुलंही धरा. ‘शाळेत जाणारी’ या शब्दावर बोट ठेवून माझ्या मुलाला पुन्हा बाहेर काढू नका.

तीन, शाळेच्या फॉर्ममध्ये ‘रॅम्प आहे का’ च्या पुढे उंची, लांबी आणि स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी लिहायला जागा द्या. आणि एकच प्रश्न वाढवा: किती मुलं कोणी न उचलता वर्गात आणि स्वच्छतागृहात जाऊ शकतात?

चार, गुन्ह्यांच्या वार्षिक अहवालात तक्रारदार, पीडित आणि आरोपी यांच्या अपंगत्वाची नोंद हवी, दुभाषा बोलावला का याचीही हवी. नावं नकोत, नुसते आकडे. ती नोंद कोणाविरुद्ध वापरली जाणार नाही, हे कायद्याच्या भाषेत लिहून द्या. 1871 मुळे हे मागते आहे.

पाच, संशोधनाचा आराखडा ठरतानाच अपंग माणसं सोबत घ्या, पगार देऊन. अहवाल स्क्रीन रीडरला वाचता येईल असा काढा. आणि ज्यांच्याकडून माहिती नेली, त्यांच्याकडे परत येऊन सांगा काय निघालं ते.

यातलं काहीच नवं नाही. भारताने 1 ऑक्टोबर 2007 ला संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याचा 31 वा अनुच्छेद आकडेवारी गोळा करण्याबद्दलच आहे, आणि ती आकडेवारी अपंगांनाही वाचता आली पाहिजे, हे त्यातच लिहिलं आहे.

तो मुलगा आता वीटभट्टीवर कामाला जातो. रात्री एकटा निघत नाही. धाकटा भाऊ बरोबर असतो, ऐकण्यासाठी. दर गुरुवारी संध्याकाळी मी त्याला अर्धा तास शिकवते. हे माझ्या कामात मोडत नाही, त्यामुळे तेही कुठे नोंदलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर या. प्रश्नावली आणा. फक्त प्रश्न आईला विचारू नका, त्याच्यासमोर बसा, तोंडावर उजेड पडेल असं बसा, आणि त्याचे हात हलायला लागले की मागे सरकू नका.

आपली,
एक फिरती विशेष शिक्षिका